चौथा कान

दुपार उलटली तशी उत्तरेकडचं आभाळ पिकल्या जांभळाच्या रंगाचं झालं, आणि बिचपाणीचं ठाणं मात्र गप्प होतं.

बिचपाणी म्हणजे सातपुड्याच्या डोंगरात, कन्हान नदीच्या वरच्या अंगाला, खडकात रोवलेला एक लोखंडी खांब. खांबावर पेटी, पेटीत बॅटरी आणि खाली नदीत तरंगणारा डबा. ठरल्या वेळी ते ठाणं जागं व्हायचं, पाणी जितके फूट तितक्या शिट्ट्या, आणि आकडा पुरा झाला की एक लांब शिट्टी, वायरलेसवर वाजवायचं आणि बॅटरी वाचवायला पुन्हा झोपून जायचं. पाणी अचानक चढलं तर मात्र त्याला झोप नव्हती. मग ते थोड्या थोड्या वेळानं वाजतच राहायचं, बॅटरीचा जीव जाईपर्यंत.

त्या शिट्ट्या ऐकायचं केंद्र इकडे वाडीत होतं, अमरावती रोडवर. खाली गोपाळराव ढोबळ्यांचं ट्रान्सपोर्टचं गोदाम, वर भाड्याच्या खोल्या, त्यांच्यावर गच्ची. खोलीत दोन टेबलं, एक माठ, शिट्ट्या ऐकायचा एक सेट, बोलायचा दुसरा, इंजिनियर उत्तरा गजभिये आणि ऑपरेटर रुपराव नान्हे. चौऱ्याऐंशीचा मे महिना होता. ऊन असं, की रस्त्यावर उभ्या ट्रकचे टायर डांबरात रुतायचे आणि ड्रायव्हर बादल्याच्या बादल्या पाणी ओतून, शिव्या घालून ते सोडवायचे. एका सरदारजीचा ट्रक तर महिनाभर निघालाच नाही म्हणतात. शेवटी त्यानं तिथंच ढाबा काढला आणि तो चांगला चालला.

रुपराव एरवी ही गोष्ट स्वतः रंगवून सांगायचा. आज तो सेटपासून हलत नव्हता. तो ढिवराचा, म्हणजे मासेमाऱ्याच्या घरचा, कन्हानच्या काठचा, नेरघाटचा. उन्हाळ्यात नदी आटली की नेरघाटचे ढिवर बायकापोरांसकट पात्रात उतरतात, वाळूत टरबूज-डांगरांचे वाफे लावतात आणि डोंगा, म्हणजे लाकडी होडी, उपडा घालून त्याच्याखाली संसार मांडतात. रुपरावची बायको तुळसाबाई आत्ता तिथंच होती, वाळूत. नेरघाटला लख्ख ऊन असणार. पाणी यायचं ते वरून, डोंगरातून, आणि येण्याआधी ते कोणाला हाक मारत नाही.

"कालपासून बिचपाणी ऐकूच नाही आलं?" उत्तरानं सेटचं मागचं झाकण उघडत विचारलं. दोन दिवस ती इंदोऱ्याला मामेबहिणीच्या लग्नात होती. हातावरची मेंदी अजून ओली दिसत होती.

"नाही ना मॅडम. मले वाटलं, उन्हानं बॅटरी बसली असन."

"बॅटरी कशी बसन? त्याच्यासाठीच तर आपण त्याले हळू बोलाले लावलं."

ते खरंच होतं. पूर्वी बिचपाणी भसाड्या आवाजात ओरडायचं आणि बघता बघता बॅटरी खाऊन टाकायचं. मग कोणीतरी नवी बॅटरी सायकलला बांधून डोंगर चढायचा. उत्तरानं त्याचा आवाज कुजबुजीवर आणला, म्हणजे एकच बॅटरी सबंध उन्हाळा पुरते. आणि ती कुजबुज ऐकायला गच्चीवर एकाऐवजी चार अँटेना उभ्या केल्या, उत्तरेकडे तोंड करून, एका ओळीत. चार कानांनी एकदम ऐकायचं, चौघांचं एकात एक मिसळायचं, की कुजबुजीची हाक होते. ठाण्यानं ताकद वाचवायची आणि कानांनी ती भरून काढायची, असा तो हिशेब.

तेवढ्यात बोलायचा सेट खरखरला. नेरघाटच्या चौकीचा हवालदार ओमप्रकाश जीप घेऊन घाटावर गेला होता आणि जीपमधूनच बोलत होता.

"वाडी, वाडी! रुपराव भाऊ, इकडे डोंगरावर बिजल्या कडकून राहिल्या. ह्या लोकाईचं काय करू?"

"बाहेर काढा," उत्तरानं माइक हिसकला. "सगळ्याईले. आत्ताच्या आत्ता."

"मॅडम, म्या सांगून थकलो. पैले आकडा सांगा म्हणतेत. मागच्या खेपेले काय झालं, मालूम हाय ना तुमाले?"

मालूम होतं. मागच्या महिन्यात बिचपाणीनं अचानक नऊ शिट्ट्या मारल्या होत्या. ओमप्रकाशनं भोंगा वाजवला, सगळं पात्र रिकामं झालं, लोक पोरं काखेत मारून काठावर रात्रभर बसले. पाण्याचा थेंब आला नाही. डोंगरात एक म्हैस त्या तरंगत्या डब्याच्या दोरीत शिंग अडकवून बसली होती आणि मान वर करून रवंथ करत होती. इकडे कोल्ह्यांनी रात्रीत निम्मी डांगरं फोडली. नेरघाटला आजही कोणी त्याला पूर म्हणत नाही, म्हशीची मान म्हणतात.

सेटमधून एका बाईचा आवाज आला. रुपरावच्या पाठीचा कणा आपसूक ताठ झाला.

"अजी, तुमीच हाय का तेथी?"

"हाव, मीच. तुळसा, वर चढ. समद्याईले घेऊन वर चढ."

"किती फूट हाय?"

"तू पैले निघ ना!"

"काहून निघू? टरबुजं तोडून ठेवली हायेत. बारा फुटाच्या खाली असलं त नदीमधलं टेकाड बुडत नाही, तेथी माल नेऊन ठेवतो आमी. बाराच्या वर असलं त माल गेला खड्ड्यात, जीव घेऊन निघतो. पन आकडा सांगा."

रुपरावनं उत्तराकडं पाहिलं. तिचं डोकं सेटच्या पोटात होतं. त्यानं माइकवर तोंड टेकवलं.

"पंधरा फूट," तो म्हणाला.

"कवा वाजलं?"

"आं... आत्ताच. म्हंजे मघाशी."

"आत्ता का मघाशी?"

"मधातच कुठंतरी."

मग तुळसाबाई जीपभोवतीच्या लोकांना म्हणाली, तेही ऐकू आलं, "खोटं बोलून राहिला हा मानूस. ह्याले येत नाही. लगनात नाव घ्याले सांगतलं त आपल्या बहिणीचंच नाव घेतलं यानं." आणि घाटावर हशा पिकला.

उत्तरानं डोकं बाहेर काढलं. ती रागावली नव्हती, हे रुपरावला जास्त झोंबलं.

"असं नका करू, रुपरावजी. आता खरा आकडा आला तरी मानणार नाहीत ते."

"मग काय करू मॅडम? बायको हाय तेथी माझी!"

"सेट ठीक हाय." ती उठून खिडकीशी गेली. "समदं ठीक हाय. मग चार कान ऐकून काहून नाही राहिले? चौघांच्या वायरी मी स्वतः मोजून एकसारख्या कापल्या. एकालेबी आधी ऐकू आलं न् बाकीच्याईले मागून, त ते एकमेकाले मिटवून टाकतात. एक म्हणते वर, दुसरा म्हणते खाली. म्हणून तर जवळच्या चौथ्याची वायर फालतू लांब ठेवून तिचं वेटोळं करून ठेवलं होतं मी."

रुपरावच्या कानात एकदम गुंई झालं.

परवा संध्याकाळी गोपाळराव जिना चढून आले होते. नागपूरचा मे आणि खाली त्यांच्या खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर ठेवलेला कूलर. वारा सुटला की घोडी नाचायची. "रुपराव, तुझ्या गच्चीवर एखादी वायर फालतू पडली असन त दे ना गा. मजबूत पाहिजे. हा कूलर कोनाच्या टकुऱ्यावर पडला त मले फाशी होईन." गच्चीवर चौथ्या अँटेनापाशी काळ्या जाड वायरीचं भलंमोठं वेटोळं होतं. बाकी तिघांच्या वायरी सरळ होत्या, याचीच तेवढी गुंडाळून ठेवलेली. रुपरावनं वेटोळं कापलं, दोन टोकं नीट, अगदी देखण्या हातानं जोडली, वर पट्टी गुंडाळली. उरलेली वायर भाड्यानं राहणाऱ्या माणसानं मालकाला द्यावी तशी दिली, आणि वरून चहाही प्यायला.

"मॅडम," तो म्हणाला. मग त्यानं खिडकीतून खाली बोट केलं. खाली कूलर होता, चारही कोपरे काळ्या वायरीनं घट्ट आवळलेला.

उत्तरा पाहत राहिली.

"सोडून आणा."

"तुकडे केले, मॅडम. चार कोपऱ्याचे चार."

बाहेर वाऱ्याचा पहिला झोत आला. गोदामाचं पत्र्याचं दार दाणकन आपटलं. उत्तरा धावत सेटकडं गेली आणि चौथ्या कानाची वायर उपटून काढली. आता उरले तीन. सेटच्या कर्ण्याला कान लावून दोघं वाकले. खरखर, विजेचा कडकडाट, पुन्हा खरखर. आणि तिच्या तळाशी, पार खोल विहिरीत कोणीतरी फुंकर घालावी तसं काहीतरी. एक. दोन. मग वीज. मग पुन्हा फुंकर. पाच? की सात?

"वाजून राहिलं!" रुपराव ओरडला. "पाणी चढलं!"

"चढलं. पन किती?" उत्तराच्या कपाळावरून घाम सेटवर ठिबकला. "तिघांच्यानं मोजता नाही येत. चौथा पाहिजेच. आन् बॅटरी... असं वाजत राहिलं त किती दम काढन ते?"

तिनं डोळे मिटले. मग झटकन उघडले.

"वायर कमी झाली म्हंजे चौथ्याले आधी ऐकू येते. बरोबर?"

"तुमी म्हणता त बरोबरच असन."

"मग त्याले मागं नेऊ. डोंगरापासून दूर. कान मागं उभा केला त त्याले उशिरा ऐकू येईन. फार नाही, दोन-चार पावलांचा खेळ हाय. फक्त नेमकी जागा सापडली पाहिजे." तिनं वायर पुन्हा जागेवर खुपसली. "मी आवाज ऐकते. वर कोणीतरी—"

पुढचं ऐकायला रुपराव खोलीत नव्हता.

गच्चीवर वारा नव्हता, कुस्ती होती. त्यानं चौथी अँटेना तळातून उचकटली आणि छातीशी धरली. दांडीला आडव्या नळ्या, माशाच्या काट्यासारख्या. पहिल्याच झोताला ती पतंग झाली आणि रुपराव तिची शेपटी. खाली चहाची टपरी असलेला म्हातारा आजही सांगतो, की रुपरावचे पाय गच्चीपासून हातभर सुटले होते. पूर्वी तो दोन हात सांगायचा. आता वय झाल्यामुळं खरं बोलतो.

"तोंड उत्तरेकडंच ठेवा!" खालून खिडकीतून उत्तराचा आवाज आला. "वाजलं की सांगते!"

गारा सुरू झाल्या. आधी हरभऱ्याएवढ्या, मग बोरांएवढ्या. पत्र्यावर अशी आदळआपट झाली की उत्तराचा आवाज त्यातून चाळून काढावा लागत होता. वीज अमरावती रोडवर कुठंतरी इतक्या जवळ पडली, की त्याच्या हातातली नळी थरथरली.

"नाही! काहीच नाही! एक पाऊल मागं!"

तो मागं सरला. थांबला. ठाणं पुन्हा बोलेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. तिकडं एकेक शिट्टी बॅटरीतून ताकद ओढत होती, आणि इकडं ती वाया चालली होती. त्याला वाळू दिसत होती, उपडा डोंगा, चुलीवरची भाकर.

"पुसट आलं! अजून मागं!"

तो सरला.

"गेलं! समदं गेलं! थोडे पुढं या, थोडेच!"

त्यानं टाच उचलून अर्धं पाऊल पुढं टाकलं. एक गार कपाळावर बसली आणि डोळ्यात काहीतरी कोमट उतरलं. त्यानं पुसलं नाही. पुसायला हात कुठं होता?

मग खालून जी किंकाळी आली, ती त्यानं जन्मात विसरली नाही.

"तिथंच! तिथंच, रुपरावजी! एक सूतभर हलू नका!"

आणि ती मोजायला लागली. मोठ्यानं, गारांच्या वर आवाज चढवून, शाळेतल्या पोरीसारखी. "चार... पाच... सहा... सात! अन् लांब शिट्टी! आकडा पुरा झाला. सात!"

लगेच तिचा माइकवरचा आवाज. "नेरघाट, सात फूट. हसू नका. ऐकत राहा." थोडा वेळ गेला. पुन्हा मोजणी. "नऊ!" पुन्हा थांबणं, दंडात पेटके आले, त्यानं दात दांडीत रोवले. "अकरा! नेरघाट, सात, नऊ, अकरा! म्हशीची मान अशी चढते का, इचारा त्याईले!"

पुढचं रुपरावला तुकड्यातुकड्यांनी समजलं. भोंगा वाजला. लोक निघाले. तुळसाबाईनंच पोरांना पुढं घातलं, म्हाताऱ्यांना हाताला धरून चढवलं. उत्तरा एकेक वाक्य खिडकीतून वर फेकत होती आणि तो अँटेना धरून एकेक वाक्य पीत होता. निघाले. अर्धे चढले. समदे चढले.

मग उत्तरा गप्प झाली.

"मॅडम?"

खालून फक्त सेटची खरखर.

"मॅडम! काय झालं?"

"हलू नका!" तिचा आवाज एकदम वेगळा झाला होता, पातळ, ताणलेला. मग माइकवर, हळू, पण गारा थांबल्या होत्या आणि त्याला ऐकू आलं. "मधल्या टेकाडावर? कवा गेली? ... डोंगा आणाले?"

रुपरावला कोणी सांगायची गरज उरली नाही. टरबुजं जाऊ द्या, ती पुढल्या वर्षी येतात. पण ढिवराचा डोंगा गेला तर पावसाळाभर मासोळी कशानं धरायची? तुळसा डोंग्यासाठी परत फिरली होती, तो ओढत टेकाडापर्यंत आली होती, आणि दोन्ही अंगांनी पाणी आलं होतं. त्याच्या पायांना पळायचं होतं. पळून कुठं जाणार? नेरघाट जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तुळसापर्यंत पोचणारी त्याच्याकडची एकच गोष्ट त्याच्या हातांत होती.

"रुपरावजी, ऐका." उत्तरानं आता लपवलं नाही. "बिचपाणीले बाराच्या वर गेलं त टेकाड बुडते. मग डोंग्यानं पाण्यात पडल्याशिवाय तिले चारा नाही, अन् धार लय हाय. अकरावर थांबलं त तिनं तेथीच बसून राहावं, पाणी उतरलं की माणसं जाऊन आणतीन. ती काठावरच्याईले हाक मारून इचारून राहिली, बसू का निघू. मले आकडा पाहिजे. बॅटरी चालली आता, आवाज बसत चालला."

"मोजा," रुपराव म्हणाला. त्यानं श्वाससुद्धा बंद केला. दांडी छातीवर, हनुवटी दांडीवर, डोळे मिटलेले. वारा त्याला ढकलत होता आणि तो वाऱ्याला.

"सुरू झालं... एक... दोन..." प्रत्येक आकड्याला तिचा आवाज खाली येत होता, कारण शिट्टी खाली येत होती. "सात... आठ... नऊ... दहा... अकरा..."

मग काही नाही.

अकरा झाल्या म्हणून थांबलं, की बारावी फुंकायला दम उरला नाही म्हणून? खाली उत्तरा आणि वर रुपराव, दोघांच्या मधे एक सिमेंटचं छत, आणि दोघंही त्याच एका गोष्टीची वाट पाहत होते. लांब शिट्टीची.

रुपरावला वाटलं, आपण डावीकडं झुकलोय. त्यानं अंगठ्यावर जोर देऊन केसभर उजवीकडं घेतलं.

"लांब!" उत्तरा ओरडली. "आली, लांब आली! मुंगीच्या पायासारखी, पन आली! अकराच! ओमप्रकाश, बसून राहा म्हणा तिले, बसून राहा! उतरू नका म्हणा पाण्यात!"

त्यानंतर बिचपाणी बोललं नाही. बॅटरी संपली होती. अकरावर थांबलेलं पाणी पुढं चढलं की उतरलं, हे आता नदी नेरघाटला स्वतः येऊनच सांगणार होती.

ढग पूर्वेकडं सरकले. ऊन पुन्हा पडलं, पिवळंधमक, धुतलेलं. गच्चीच्या कोपऱ्यात गारांचा ढीग वितळत होता. उत्तरा वर आली तेव्हा रुपराव तसाच उभा होता.

"ठेवा आता ते खाली."

"काहून? वाजन एखादी."

"नाही वाजत आता, रुपरावजी."

"तुमी खाली जा. वाजलं त?"

ती गेली. वाद घालण्यासारखा त्याचा चेहरा नव्हता. सावली गच्चीच्या कठड्यावरून पलीकडं उतरली. रस्त्यावर ट्रक सुरू झाले. गोपाळराव खालून दोनदा ओरडून गेले, की वर कोण बुजगावणं उभं केलं आहे गा. रुपराव उभा होता. उभं राहणं सोडलं तर त्याला दुसरं काही येत नव्हतं त्या वेळी.

मग खिडकीत खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला. उत्तरानं बोलायचा सेटच उचलून खिडकीच्या चौकटीत ठेवला होता आणि त्याचा आवाज पार टोकापर्यंत पिळला होता.

"अजी," सेट म्हणाला. आवाज चिरका, थकलेला, पण जागच्या जागी. "ऐकून राहिले का?"

रुपरावनं अँटेना न सोडता खिडकीच्या दिशेनं मान वळवली.

"ऐकून राहिले ते," उत्तरा म्हणाली.

"म्या काठावर हाय. डोंगाबी हाय. टेकाडावर घोट्याएवढं पानी लागलं, मंग उतरलं." ती जरा थांबली. मागं पोरांचा कालवा, कोणीतरी खोकत होतं. "टरबुजं गेली समदी. चुली गेल्या. पूर्ण घाट आपल्या घरी जेवाले येऊन राहिला. येतानी पीठ आणजा. अन् कांदे. मिरच्याबी आणजा, समजलं का? अजी?"

"हाव," रुपराव म्हणाला. "आणतो."

उत्तरा वर आली. त्याची बोटं दांडीभोवती आखडून गेली होती. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि एकेक बोट सोडवायला लागली.